फॉइलचे डबे की कायमचे टिन?

पत्र: "मी फोंड्याला राहते. घरी वीस लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेच्या रॉडचा छोटा ओव्हन, आहे. महिन्यातून दोनदा घरासाठी केक होतो आणि नाताळात ओळखीच्यांसाठी अर्ध्या किलोचे चाळीसेक प्लम केक करून देते. सगळं फॉइलच्या डब्यांतच. झाकणासकट डबा आठ रुपयांना पडतो, चांगला टिन दोनशे ऐंशीला सांगतात. केक वरून छान दिसतो, पण बाजू पांढरट राहतात, तळाला काळे पट्टे उठतात आणि कधी कधी मधोमध खळगा पडतो. सासूबाई म्हणतात, 'डबे धू नि परत वापर, दरवेळी कसले टाकतेस?' यंदा थराथरांची गोड बेबिंकाही करून बघायची आहे. टिन घेऊ का? घेतला तर कुठला?"

ताई, तुमच्या घरात दोन वेगळी कामं चालतात आणि तुम्ही दोन्हींना एकच भांडं लावता आहात. घरचा केक ताटात उतरतो, भांडं घरातच राहतं. तिथे टिन हवा. ऑर्डरचा केक डब्यासकट दाराबाहेर जातो. तिथे फॉइलच बरी. भांडं केकबरोबर जाणार की मागे राहणार, एवढं आधी ठरवलं की निम्मा प्रश्न सुटला.

हिशेबही याच बाजूने पडतो. दोनशे ऐंशीच्या टिनाच्या किमतीत आठ रुपयांचे पस्तीस डबे येतात. महिन्याला दोन केक धरले तर दीड वर्षात टिन फिटतो, आणि जाड अ‍ॅल्युमिनियमचा टिन नीट सांभाळला तर पुढची कित्येक वर्षं फुकट. नाताळच्या चाळीस केकना मात्र हे गणित लागू नाही. टिनात भाजलात तरी केक द्यायला खोका लागणारच, वर बटर पेपर, वर प्रत्येक खेपेनंतर टिन गार होण्याची वाट पाहणं, घासणं, पुसणं, पुन्हा लोणी लावणं. डिसेंबरच्या त्या आठवड्यात हे कुणाला परवडणार? ऑर्डरसाठी फॉइल चालू ठेवा. फक्त ती वापरायची रीत बदला, कारण तुम्ही लिहिलेल्या तीनपैकी दोन तक्रारींचं, पट्ट्यांचं आणि खळग्याचं, मूळ एकाच जागी आहे: पातळ पत्र्याला खालून आधार नाही.

पुढचा केक डब्यातून काढून उलटा करा आणि तळ बघा. बारीक, जवळजवळच्या रेघा असतील तर त्या जाळीच्या तारांच्या. रुंद, लांब अंतरावरचे दोन पट्टे असतील तर ते खालच्या रॉडचे. काळे पट्टे म्हणता, म्हणजे बहुतेक दुसरा प्रकार. अ‍ॅल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेतं हे खरं, पण आडवी पसरवायला पत्र्याला जाडी लागते. फॉइल इतकी पातळ असते की रॉडच्या वर पडलेली आच तिथल्या तिथेच राहते, शेजारी सरकत नाही. म्हणून रॉडच्या रेषेत केक करपतो आणि दोन रॉडच्या मधे फिका राहतो.

बाजू पांढऱ्या राहण्याचं कारण वेगळं. ओटीजीत बरीचशी आच तापलेल्या रॉडकडून थेट येते, उन्हासारखी, आणि चकचकीत फॉइल ती आरशासारखी परतवून लावते. त्यात डबे एकमेकांना खेटून ठेवले की मधल्या बाजू सावलीत. वीस लिटरच्या ओटीजीत सहा डबे कोंबण्याचा मोह होतो. चारच ठेवा, आणि डब्याडब्यांत व भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडा.

खळग्याचं कारण बहुधा तुमच्या हातात आहे, अक्षरशः. पंचवीस मिनिटांनी केक झाला का बघायला आपण डबा काठाला धरून पुढे ओढतो. त्या क्षणी फॉइलच्या बाजू आत दबतात, मधलं मिश्रण अजून ओलं असतं, त्यातली हवा निसटते आणि मध्य खाली बसतो. वरून दोष बेकिंग पावडरला. (पावडर जास्त झाली तरी खळगा पडतो, पण तो प्रत्येक डब्यात पडेल. तुमच्याकडे 'कधी कधी' पडतो, म्हणून संशय ओढाओढीवर.)

यावर उपाय एक जाड, सपाट ट्रे. ओटीजीबरोबर येणारा ट्रे भिंतीला भिंत लावून बसतो आणि खालची गरम हवा वर येऊ देत नाही. त्याऐवजी जाळीवर ठेवता येईल आणि चारी बाजूंनी दोनेक सेंटीमीटर मोकळं राहील असा जाड अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे घ्या. बिनदांड्याचा जाड सपाट तवाही चालेल. तो मधल्या खणात जाळीवर ठेवूनच ओव्हन वीस मिनिटं तापवा. ट्रे गार राहिला तर तळ उशिरा भाजेल आणि एका दुखण्याऐवजी दुसरं मागे लागेल. मिश्रण भरलेले डबे तापल्या ट्रेवर ठेवा आणि नंतर काही हलवायचं असेल तर ट्रेसकट हलवा, डब्याला हात नको. केक तपासायचा तर जाळी थोडी पुढे ओढा, ट्रे तिच्यावरच राहू द्या आणि तिथेच काडी टोचा.

आता डबा भरण्याबद्दल. भाजताना केकचं वजन साधारण दहा टक्के घटतं, म्हणून अर्ध्या किलोचा केक हातात यायला ५६० ग्रॅम मिश्रण घालावं लागतं. प्लम केक जड, फारसा फुगत नाही. त्यामुळे डबा पाऊण भरला तरी चालतो आणि ६५० ते ७५० मिलीचा डबा या वजनाला बरोबर बसतो. साधा स्पंज किंवा बटर केक असेल तर अर्ध्याच्या वर आणि दोन तृतीयांशाच्या खाली थांबा. डब्यावर आकडा नसेल तर वजनकाट्यावर डबा ठेवून काठोकाठ पाणी ओता. जितके ग्रॅम, तितके मिली. प्रत्येक डब्यात मिश्रण काट्यावर मोजूनच घाला. डोळ्यांच्या अंदाजाने घातलेले चार डबे एकाच वेळी कधीच भाजून होत नाहीत.

फॉइलच्या बाजूंना चुण्या असतात आणि केक नेमका त्यांत अडकतो. बोटाने लोणी फासलं तर ते चुण्यांच्या उंचवट्यावरच राहतं. ब्रश घ्या आणि पातळ केलेलं लोणी वरून खाली, चुणीच्या दिशेने लावा. मग मैदा भुरभुरवून डबा उलटा ठोका.

प्लम केकला मात्र एवढं पुरत नाही, तिथे आतून बटर पेपर लागतोच. भिजवलेल्या फळांत आंबटपणा असतो, रम असते, आणि केक लोक आठवडा-दोन आठवडे ठेवतात. अ‍ॅल्युमिनियमला आंबट सोसत नाही. जिथे मनुका किंवा संत्र्याची साल पत्र्याला टेकलेली असते तिथे करडे ठिपके येतात, कधी टाचणीएवढी भोकंही पडतात. ज्याला तो केक मिळाला त्याने ते पाहिलं की पुढच्या वर्षी ऑर्डर येत नाही. लांबीच्या दिशेने एक पट्टी आणि रुंदीच्या दिशेने दुसरी, दोन्ही काठाबाहेर दोन सेंटीमीटर येतील अशा घाला, म्हणजे केक वर उचलायला कानही मिळतात. केक रम पाजून फॉइलमध्ये गुंडाळणार असाल तरी आधी बटर पेपर, त्यावर फॉइल.

बटर पेपर म्हणून विकलं जाणारं सगळंच ओव्हनचं नसतं. काही कागद नुसते मेणाचे असतात, मिठाईखाली घालायचे. नवा गुंडाळा आणलात की एक तुकडा १८० अंशांवर पाच मिनिटं ठेवून पाहा. धूर आला किंवा कागद घामेजून तेलकट झाला तर तो पोळ्या बांधायला. ऐनवेळी कागद संपला तर परसातलं केळीचं पान आचेवर फिरवून मऊ करा आणि तळाला घाला. प्लम केकला त्याचा वास काही वाईट लागत नाही.

अर्ध्या किलोचा प्लम केक १५० ते १६० अंशांवर पन्नास मिनिटं ते तास घेतो. पंचेचाळिसाव्या मिनिटापासून काडी टोचायला लागा. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी आच यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणलात तर दुसऱ्या टिनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि झाकण. आपल्याकडच्या दमट हवेत सगळ्यात जास्त केक इथे वाया जातात. वरून हाताला गार लागला म्हणून झाकण घातलं, आत मध्य अजून कोमट, वाफ झाकणाला लागून थेंब खाली, तिसऱ्या दिवशी बुरशी. प्लम केक किमान तीन तास, जमल्यास रात्रभर, जाळीवर पातळ फडक्याखाली ठेवा आणि मगच डब्याचा काठ झाकणावर दुमडा. झाकणावर एक चिठ्ठी चिकटवा: 'मायक्रोवेव्हमध्ये डब्यासकट ठेवू नये.'

सासूबाईंचा मुद्दा. टाकणं त्यांना खुपतं हे बरोबरच आहे, पण डबे धुऊन ऑर्डरसाठी पुन्हा वापरणं नको. धुताना चुण्या चेपतात, सुरी लागलेली असते, आणि एखादं भोक दिसतही नाही. डबा खिडकीशी उजेडासमोर धरा. टाचणीएवढा उजेड आला तरी पातळ मिश्रण त्यातून गळणार, ट्रेवर करपणार आणि घरभर धूर होणार. घरापुरता, उजेडाची परीक्षा पास झालेला डबा एकदा पुन्हा वापरा, तोही कागद घालून. धुताना खायचा सोडा लावू नका, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ स्पंज पुरे. वापरून झालेले डबे सुक्या कचऱ्यात टाकण्याआधी विसळून चपटे करा. लोणी-साखर चिकटलेली फॉइल कचऱ्यात कागदाला चिकटते आणि दोन्ही वाया जातात. स्वच्छ फॉइल मात्र भंगारात मोलाची असते. जुन्या अ‍ॅल्युमिनियमपासून नवं करायला खनिजापासून करण्याच्या मानाने जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. पुठ्ठ्याचं चंदेरी झाकण यात मोडत नाही, ते वेगळं काढा.

आता टिन कुठला घ्यायचा. साधा जाड अ‍ॅल्युमिनियमचा, बाजू सरळ, तळ सपाट, जोड नसलेला. सात इंची गोल, दोन ते अडीच इंच खोल. फोंड्याच्या बाजारात मिळेल, नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भांडीवाल्यांकडे पाहा. गेज सांगितला तर लक्षात ठेवा, आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, २२ गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरला कमी. गेज माहीत नसला तर दोन्ही अंगठ्यांनी तळाच्या मधोमध दाबा. 'टक्' करून आत जाऊन बाहेर आला तर तो टिन तापल्यावरही वाकणार, ठेवून द्या. मग टेबलावर ठेवून डुगडुगतो का बघा.

दुकानात तुम्हाला आधी काळा नॉनस्टिक दाखवतील, आणि तो दिसतोही देखणा. गोव्यात मात्र त्याचा भरवसा कमी. आत बहुतेक लोखंडी पत्रा असतो. सुरीचा एक ओरखडा किंवा काठाच्या वळलेल्या घडीत राहिलेलं पाणी, आणि जुलैच्या पावसात तिथून गंज सुरू. काळा रंग आच शोषूनही घेतो, त्यामुळे कडा लवकर करपते आणि मध्य मागे राहतो. असा टिन घरात असलाच तर पाककृतीत १८० लिहिलं असेल तिथे १६५ ते १७० ठेवा, लाकडी चमचा वापरा आणि तेलाचा स्प्रे मारू नका, त्याचा चिकट थर बसतो तो मग निघत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. काच उशिरा तापते आणि उशिरा निवते, ब्रेड पुडिंगला छान, केकला कडा कडक करते. आच पंधरा अंश कमी हवी आणि गरम भांडं ओल्या ओट्यावर ठेवलं तर तडकेल. सिलिकॉनमध्ये केक सहज सुटतो, पण फिका राहतो आणि साचा उचलताना लचकतो. घरातला स्टीलचा डबा चालतो, मात्र स्टेनलेस स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शाइतकीही उष्णता वाहून नेत नाही, म्हणून तळाला कागद दुहेरी घाला. खालचा तळ सुटा होणारा स्प्रिंगफॉर्म टिन गळतो. बाहेरून फॉइल गुंडाळल्याशिवाय त्यात पातळ मिश्रण ओतू नका.

टिन बदलला की मापही बदलतं, इथे बरेच जण फसतात. दोन इंच खोलीला सहा इंची गोल टिनात सव्वानऊशे मिली मावतं, सात इंचीत साडेबाराशेच्या वर, आठ इंचीत साडेसोळाशेच्या आसपास. व्यास दोन इंचांनी वाढला तर माप पावणेदोनपट! आठ इंची चौकोनी आणि नऊ इंची गोल हे जवळपास सारखेच, एकाच्या जागी दुसरा खुशाल वापरा. तुमचं फॉइलच्या दोन ६५० मिलीच्या डब्यांचं मिश्रण सात इंची गोल टिनात तसंच बसेल, फक्त खोली वाढल्यामुळे दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा.

साध्या अ‍ॅल्युमिनियमची कुरकुर एवढीच की कोकम, लिंबू, अननस थेट लागू देऊ नये आणि काळपट पडला तर घाबरू नये. चिंचेच्या पाण्यात दहा मिनिटं उकळला की उजळतो. धुतल्यावर पुसून, भाजून बंद केलेल्या कोमट ओव्हनमध्येच दहा मिनिटं ठेवा. पावसाळ्यात हे चुकवू नका. एकात एक टिन घालून ठेवायचे तर मधे वर्तमानपत्र.

राहिली बेबिंका. ही फॉइलमध्ये करू नका, ट्रे खाली ठेवूनही नाही. अंड्याचे बलक, नारळाचा घट्ट रस, साखर, थोडा मैदा आणि भरपूर तूप. पण खरं काम आहे ते वरून येणाऱ्या आचेचं. जुनी रीत म्हणजे झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे. ओटीजीत पहिला थर खालीवर दोन्ही रॉडवर बसवायचा, मग फक्त वरचा रॉड. चमचाभर तूप, त्यावर मिश्रणाचा पळीभर थर, वर तपकिरी डाग उठेपर्यंत आठ-बारा मिनिटं, पुन्हा तूप, पुन्हा थर. सात थर म्हणजे सात वेळा जाळी ओढणं, तेही कडकडीत तूप वर तरंगत असताना. लेच्यापेच्या डब्याचा काठ एकदा वाकला की ते तूप सरळ खालच्या तापल्या रॉडवर. शिवाय सर्वात खालचा थर दीड तास आच सोसत राहतो आणि पातळ पत्र्यात तो करपून कडू होतो. तुम्ही घेणार असलेला सात इंची जाड टिन याला नेमका आहे, फक्त दोनऐवजी अडीच इंच खोल निवडा.

बेबिंका रात्रभर गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी टिनाचा तळ गॅसवर दहा-पंधरा सेकंद फिरवा, तूप सुटेल, मग ताटावर उपडी करा. गरम असताना कापली तर थर एकमेकांवरून घसरतात. द्यायची असेल तर काप बटर पेपरमध्ये गुंडाळून तुमच्या त्याच फॉइलच्या डब्यात ठेवा. पॅकिंगला तो उत्तम.

नोव्हेंबरातच एक खेप करून बघा: दोन फॉइलचे डबे तापल्या ट्रेवर, दोन नेहमीसारखे जाळीवर, मिश्रण एकच, वजन एकच, प्रत्येक जोडीतल्या एका डब्यात कागद. चारही उलटे करून तळ शेजारी शेजारी ठेवा. मग त्यातला एक कागद घातलेला आणि एक न घातलेला डबा झाकण लावून दोन आठवडे फडताळात ठेवा आणि उघडून फॉइलची आतली बाजू बघा. ट्रेला पैसे घालायचे की नाही आणि चाळीस डब्यांना कागद कापत बसायचं की नाही, ते त्यावरून ठरवा.